डिझेल इंजिन फार जपून चालवताय? या चुका टाळा

बेळगावात बोटीचं इंजिन दुरुस्तीला येतं म्हटलं की नवख्या माणसाला नवल वाटतं. इथं कुठला समुद्र? पण आंबोली उतरली की वेंगुर्ला, चोर्ला उतरला की गोवा आणि खानापूर-रामनगरवरून खाली गेलं की कारवार. क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, लायनर बसवणं, होनिंग ही कामं उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत होतात, म्हणून घाटाखालची इंजिनं वर चढतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते याच गावात; यंत्राशी झटापट करायची खोड इथं जुनीच आहे.

इंजिन कुठलंही असो, बोटीचं की मंगल कार्यालयाच्या जनरेटरचं, मालकाची तक्रार ठरलेली. घाटावरचा म्हणतो, “मेस्त्री, लय जपून चालवलंय बघा.” घाटाखालचा म्हणतो, “जास्त रेस कधी मारूक नाय, तरी ऑइल खाता.” त्यातलं ‘तरी’ काढून तिथं ‘म्हणून’ घातलं की निम्मं निदान झालं.

लायनर चकचकीत दिसला म्हणून खूष होऊ नका

असं इंजिन उघडलं की लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती सिलिंडरची आतली नळी, आरशासारखा चकाकत असतो. मालकाला वाटतं, बघा, किती छान राहिलाय. चांगल्या लायनरवर उजेड तिरपा धरला तर होनिंगच्या, म्हणजे घासून पाडलेल्या, बारीक तिरक्या रेघा एकमेकींना छेदताना दिसतात. ऑइलचा पातळ थर धरून ठेवायला त्या मुद्दाम पाडलेल्या असतात. जपून चालवलेल्या इंजिनात त्या रेघांवर तपकिरी, काचेसारखं रोगण चढलेलं असतं. नख फिरवलं तर कुठं अडत नाही. पिस्टन बघावा तर त्याच्याभोवतीच्या रिंगा काजळीनं खाचेत चिकटून बसलेल्या, बोटानं हलत नाहीत.

हे कसं होतं ते समजलं तर पुढच्या चुका आपोआप कळतील. डिझेलला स्पार्क प्लग नसतो; दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. सिलिंडर पुरेसा तापलेला नसेल तर फवाऱ्यातलं सगळं डिझेल जळत नाही. ओली लाकडं सारलेल्या चुलीसारखं ते धुमसत राहतं. दुसरी गोष्ट रिंगेची. रिंग लायनरला घट्ट टेकते ती फक्त स्वतःच्या ताणानं नाही. जळलेल्या वायूचा दाब तिच्या मागं शिरून तिला बाहेर रेटतो. लोड नसेल तर दाब नाही, दाब नसेल तर रिंग ढिली. मग वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये घुसतो, ऑइल वर चढतं आणि तिथंच भाजून लायनरला चिकटतं. सुरुवात असेल तर नीट लोडवर चालवून इंजिन सावरतं. रोगण पक्कं झालं की मात्र पुन्हा होनिंग आणि नव्या रिंगांशिवाय सुटका नाही.

अर्धी रेस म्हणजे अर्धा लोड नव्हे

बोटीच्या बाबतीत सगळ्यात मोठा गैरसमज हाच. पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या हिशेबानं वाढते. १८०० आरपीएमचं इंजिन ९०० वर ठेवलं तर ताकद निम्मी लागत नाही, जेमतेम एक अष्टमांश लागते. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, वाटतं इंजिन मध्यम चाललंय. खरं तर ते रिकामंच फिरत असतं. त्याच इंजिनाला १६०० च्या आसपास नेलं की सुमारे ७० टक्के ताकद लागते, आणि तिथं ते खऱ्या अर्थानं तापतं.

ट्रॉलर जाळं ओढतो तेव्हा कमी फेऱ्यांवरही इंजिनावर भरपूर ओझं असतं, त्यामुळं हा रोग त्याला कमी होतो. पाण्यात जाळं सोडून तासन्‌तास स्लोवर थांबणाऱ्या बोटी, नांगर टाकून फक्त बॅटरी चार्ज करायला किंवा चार दिवे लावायला इंजिन चालू ठेवणारे, यांची इंजिनं आधी जातात. ओल्या एक्झॉस्टची बोट असेल तर आणखी एक: धूर आणि समुद्राचं पाणी जिथं एकत्र येतं त्या एल्बोमध्ये काजळी आणि मीठ मिळून दगडासारखा थर धरतो. इंजिनाचा श्वास कोंडतो आणि दोष मात्र डिझेल फवारणाऱ्या नोझलला लागतो.

यावर उपाय सोपा आहे. बराच वेळ स्लोवर गेला असेल तर बंदराकडं येताना शेवटचा अर्धा तास ७० ते ८० टक्के लोडवर या. पोहोचल्यावर तीन ते पाच मिनिटं स्लोवर ठेवून मग बंद करा. तापलेला टर्बो झटक्यात थांबवला की बेअरिंगमधलं ऑइल तिथंच करपतं.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

ही आपल्याकडची खास खोड. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाचं पाणी पुरेसं तापेपर्यंत ते थंड व्हायला बाहेर न सोडणारा व्हॉल्व. इंजिन एकदा गरम झालं की कुणीतरी शहाणा सांगतो, “काढून टाक की तो व्हॉल्व, कटकट मिटली.” कटकट मिटत नाही, ती उन्हाळ्यातून बारमाही होते. पाण्याचं तापमान चढतच नाही, डिझेल अर्धवट जळतं, चेंबरमधली वाफ उडून जात नाही. बहुतेक इंजिनांचं पाणी ७५ ते ९० अंशांच्या दरम्यान राहायला हवं. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो. गरम होण्याचं कारण दुसरीकडं शोधा: समुद्राच्या पाण्याच्या पंपाचं इंपेलर, गाळणी, हीट एक्स्चेंजरच्या तुंबलेल्या नळ्या, आणि घाटावर असाल तर धुळीनं भरलेला रेडिएटर.

नवीन बांधलेलं इंजिन रात्रभर स्लोवर ठेवणं

“सेट होऊ दे” म्हणून. नव्या रिंगा लायनरला बसतात त्या दाबानं, आणि दाब येतो लोडनं. रात्रभर रिकामं फिरवलं तर पहिल्याच दिवशी रोगण चढायला सुरुवात. सुरू करा, गळती बघा, ऑइलचा दाब बघा, पाणी तापू द्या आणि मध्यम लोडवर घ्या. मग लोड कमीजास्त करत टप्प्याटप्प्यानं वाढवा.

बंदीच्या काळात आठवड्याला दहा मिनिटं

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तेवढ्यात इंजिन जाम होऊ नये म्हणून दर रविवारी दहा मिनिटं चालू करून बंद करतात. दहा मिनिटांत ऑइल तापत नाही. आत पाण्याचा अंश साचतो, अर्धवट जळलेलं डिझेल त्यात मिसळतं. त्यापेक्षा बंदीआधीच ऑइल-फिल्टर बदला, मध्ये हातानं क्रँक फिरवा. चालू करायचंच असेल तर पूर्ण तापेपर्यंत, लोडवर.

इथं डिपस्टिककडं नीट बघा. ऑइल कमी होत नाही, उलट किंचित वाढलंय, म्हणून समाधान मानू नका. दोन बोटांत चोळून बघा: पातळ लागलं आणि डिझेलचा वास आला तर ते ऑइल राहिलेलं नाही. लगेच बदला.

जोरात चालवणं म्हणजे काय नव्हे

थंड इंजिनाला फुल रेस देणं नव्हे. ऑइलचा दाब कमी असताना ताणणं नव्हे. लोड दिल्यावर पहिली काही मिनिटं काळा धूर येऊन मग विरळ झाला तर जुनी काजळी जातेय, जाऊ द्या. काळा धूर थांबतच नसेल तर एअर फिल्टर, नोझल बघा. फुल रेस देऊनही कंपनीनं दिलेले आरपीएम गाठत नसेल तर पंख्याचा पिच (पात्यांचा तिरपेपणा) जास्त आहे किंवा तळाला शिंपले चढलेत. अशा इंजिनाला रेटलंत तर ते खरोखरच मरेल. निळा धूर ऑइलचा. पांढरा थंडपणी चालतो, तापल्यावरही राहिला तर पाणी कुठून येतंय ते शोधा.

घाटावरच्या जनरेटरवाल्यांसाठी

हेस्कॉमची लाईट गेली की कार्यालयाचा जनरेटर धडधडतो. ६२.५ केव्हीएचा सेट म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला ५० किलोवॅट. त्याच्यावर किमान ३० टक्के, म्हणजे १५ किलोवॅट तरी लोड हवा. पूर्वी हॅलोजनच्या काळात तो सहज असायचा. सगळीकडं एलईडी लागले, वीज वाचली, आणि तोच सेट आता पाच-सहा किलोवॅटवर रात्र काढतो. अमेरिकेत इमर्जन्सी जनरेटरसाठी असलेल्या एनएफपीए ११० या नियमावलीतही महिन्याला ३० मिनिटं, किमान ३० टक्के लोडवर चाचणी सांगितली आहे. आपल्याकडं चाचणी म्हणजे वॉचमननं बटण दाबून आवाज ऐकणं.

सायलेन्सरच्या जोडातून काळा, ओलसर ओघळ दिसला तर एकदम पूर्ण लोड टाकू नका; आत साचलेलं डिझेल-ऑइल पेट घेऊ शकतं. आधी तीस टक्के, तापल्यावर पन्नास, मग पंच्याहत्तर, असं चढवा. हॉलमध्ये तेवढा लोडच नसेल तर लोड बँक (जनरेटरवर मुद्दाम ओझं टाकणारं यंत्र) भाड्यानं आणा. आणि सेट बदलायची वेळ येईल तेव्हा जुन्या पाटीवरचा आकडा बघून नवा घेऊ नका. आधी क्लॅम्प मीटर लावून लग्नाच्या दिवशी खरा लोड किती येतो ते मोजा.