ग्लेशियर बेच्या दिवशी डेकवर कसं टिकायचं

अलास्का क्रूझवर ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या उपसागरातला दिवस बंदराविना जातो. सकाळी नॅशनल पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून वर चढतात आणि स्पीकरवरून माहिती देत राहतात. प्रवाशांनी उतरायचं कुठेच नसतं. दिवस डेकवरच काढायचा, आणि तिथे खरा त्रास वाऱ्याचा.

वारा पडलेला असला तरी २० नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने चाललेल्या बोटीवर समोरून तेवढाच वारा लागतो. मग ५ अंशांची हवा अंगाला शून्यासारखी झोंबते. म्हणून एकच जाडजूड स्वेटर घालून जाऊ नका. स्वेटरच्या विणीतून वारा सरळ आत शिरतो. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वरून टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट असे तीन थर हवेत. अंगालगत सुती बनियन नको. घामाने किंवा पावसाने ओलं झालं की वाळत नाही आणि हुडहुडी भरते. साडी नेसणाऱ्यांनी परकराच्या आत थर्मल लेगिंग घालावी, पदर जॅकेटच्या आत खोचावा. चपलेत मोजे घालून भागत नाही, बंद बूटच हवेत. पण दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर बोटं जास्त गारठतात, त्यापेक्षा लोकरीचा एकच जोड बरा. कानटोपी कानांखाली पक्की बसणारी घ्या. कॅप उडून थेट पाण्यात जाते.

पुढच्या डेकवर गर्दी आणि वारा दोन्ही. बोट चालू असताना मागच्या बाजूला किंवा काचेच्या आडोशाला थांबा. मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबली की पुढे या. तिथे बोट सहसा जागच्या जागी वळते, त्यामुळे दोन्ही बाजूंना हिमनदी दिसते. जागेसाठी धक्काबुक्की करण्यात अर्थ नाही. आवाज ऐकून मान वळवाल तर हिमनदीचा बर्फाचा कडा कोसळून गेलेला असतो. जिथून बर्फाचा चुरा सारखा गळतोय तिकडे नजर लावून ठेवा.

थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते. फोन आणि पॉवर बँक आतल्या खिशात ठेवा. कॅमेरा उबदार केबिनमध्ये नेताना मात्र आधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि अर्ध्या तासाने उघडा. नाहीतर केबिनमधली दमट हवा थंड काचेवर धुक्यासारखी जमते आणि पुसली तरी पुन्हा येते.

बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडू नका. वारा आरपार वाहतो, दार धाडकन आपटतं, आणि चौकटीवर हात असेल तर बोटं चेंगरतात.

चहाची सोय आधीच बघा. बहुतेक बोटींवर स्वतःची इलेक्ट्रिक किटली नेऊ देत नाहीत, आणि बुफेत मिळतो तो गरम पाण्यात बुडवलेल्या पिशवीचा चहा. प्रीमिक्सची पाकिटं आणि झाकणाचा थर्मास नेला की डेकवर वाफाळता चहा मिळतो, फक्त थर्मास अर्ध्या-पाऊण लिटरहून मोठा नको. दुसरा हात कठड्याला लागतो.

उपसागरात पाणी बहुधा शांत असतं. व्हिटियर किंवा सूअर्ड बंदराकडे जाणारी बोट पुढे अलास्काच्या आखातात गेली की हलते. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आणि बोट डोलायला लागण्याआधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही.