ठरावीक रक्कम नाण्यांनी किती प्रकारे जुळते, हे कसे शोधावे

सोलापुरात गड्डा यात्रेत दुकान मांडणाऱ्याला सुट्ट्यांचा हिशेब तोंडीच करावा लागतो. मात्र एखादी रक्कम एकूण किती प्रकारे जुळते, हे शोधायचे असेल तर कागद घ्यावा आणि शिस्तीने मांडणी करावी. उदाहरणासाठी १, २, ५ आणि १० रुपयांची नाणी आणि १५ रुपयांची रक्कम घेऊ. नाण्यांचा क्रम मोजायचा नाही. दहा आधी दिले काय किंवा पाच आधी दिले काय, जुळणी एकच.

सुरुवात मोठ्या नाण्यापासून करावी आणि त्याची संख्या ठरल्यावरच पुढच्या नाण्याकडे वळावे, म्हणजे एकही जुळणी निसटत नाही किंवा दोनदा मोजली जात नाही. शेवटी फक्त दोनची आणि एकची नाणी उरली की यादी करत बसण्याची गरज नाही. उरलेल्या रकमेला दोनने भागावे, बाकी सोडावी आणि भागाकारात १ मिळवावा. कारण दोनची नाणी शून्यापासून त्या भागाकाराइतकी कितीही घेता येतात आणि कमी पडणारी रक्कम एकची नाणी भरून काढतात.

दहाचे नाणे घेतले नाही, तर पाचची ०, १, २ किंवा ३ नाणी घेता येतात आणि अनुक्रमे १५, १०, ५ व ० रुपये उरतात. त्यांच्या जुळण्या ८, ६, ३ आणि १, म्हणजे १८ होतात. दहाचे एक नाणे घेतल्यास उरलेल्या ५ रुपयांच्या ४ जुळण्या होतात. एकूण २२.

गल्ल्यात नाणी मोजकीच असतील तर मात्र सावध राहावे. ग्राहकाने ३७ रुपयांच्या शेंगा चटणीसाठी ५० ची नोट दिली, गल्ल्यात दहाचे एक, पाचची दोन आणि दोनची चार नाणी आहेत, पण एकचे एकही नाही, असे समजा. परत द्यायचे १३ रुपये. सवयीने दहाचे नाणे आधी काढले, तर उरलेले ३ रुपये जुळत नाहीत आणि दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून गोळी पुढे करतो. वास्तविक पाचचे एक आणि दोनची चार मिळून १३ होतात. एकचे नाणे नसताना विषम रकमेसाठी पाचची नाणी विषम संख्येतच लागतात, हे आधी पाहिले की शोध बराच आटोपतो. दोनची आणि पाचची नाणी पुरेशी असतील, तर एकच्या नाण्याविना फक्त १ आणि ३ रुपये जुळत नाहीत.