मालिशच्या आदल्या दिवसापासूनची तयारी

सुगंधी तेलाच्या मालिशची तयारी आदल्या दिवशी सुरू होते, आणि आदल्या दिवशीचं काम एकच: पॅच टेस्ट, म्हणजे तेलाचा एक थेंब कातडीवर लावून ते मानवतं का ते बघणं. मागच्या वेळी बाकी सगळं जमवलं आणि नेमकं हेच राहिलं. सकाळी आईच्या मानेवर लाल चट्टे, आणि खाज इतकी की पदराचा स्पर्श सहन होईना. म्हणून हे सगळ्यात वर लिहितेय आणि खाली पुन्हा लिहिणार आहे.

दिवस ठरवताना नळाचं वेळापत्रक बघा. सोलापुरात पाणी रोज येत नाही, आणि नंतरची आंघोळ, तेलकट टॉवेल, चादर या सगळ्याला बादल्या लागतात. पाणी येऊन गेलं की त्याच्या दुसऱ्या दिवशी मालिश ठेवा. म्हणजे पाणी आलं त्याच दिवशी टेस्ट.

सुगंधी तेलाची, म्हणजे वनस्पतीच्या अर्काची, बाटली घेताना ‘शंभर टक्के नैसर्गिक’ या अक्षरांना भुलू नका. वनस्पतीचं शास्त्रीय नाव छापलंय का ते बघा. लॅव्हेंडर असेल तर लॅव्हेंडुला अँगस्टिफोलिया. ‘फ्रेग्रन्स ऑइल’ लिहिलं असेल तर ते खोलीत वास दरवळायला, अंगाला लावायला नाही. बाटली गडद काचेचीच हवी. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून लावा. लॅव्हेंडरमधल्या लिनालूल या सुगंधी घटकाला हवा लागत राहिली की त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि जे तयार होतं त्याची अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता मूळ तेलापेक्षा जास्त असते. उन्हाने हे आणखी लवकर घडतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा बाटली घट्ट बूच लावून फ्रीजमध्ये. वास बदललेली बाटली महागाची असली तरी टाकून द्या.

अर्क ज्यात मिसळायचा ते साधं तेल म्हणून तीळ, खोबरेल, बदाम, घरातलं करडईचं, जे अंगाला मानवतं ते घ्या. ३० मिली तेलात अर्काचे १२ थेंब, म्हणजे साधारण २ टक्के. वयस्कर माणूस किंवा नाजूक कातडी असेल तर ६ थेंब पुरे. जास्त थेंबांनी जास्त आराम पडत नाही, कातडी मात्र भाजल्यासारखी होते. अर्क नुसता कधीच लावायचा नाही. बाटली सरळ उलटी केली की थेंबांची धार लागते आणि मोजणं संपतं. ती तिरकी धरा, काठावर थेंब फुगून सुटेपर्यंत थांबा, मग पुढचा. लवंग, दालचिनी मालिशच्या तेलात नकोच. गवती चहाचं तेलही झोंबतं, हात आखडता ठेवा. लिंबाचं तेल लावून उन्हात गेलात तर कातडी काळवंडते, फोडही येतात. निदान १२ तास ऊन टाळायचं. सोलापुरात ते जमणार नसेल तर लिंबू सोडा, लॅव्हेंडर आहेच.

आता टेस्ट. तयार मिश्रणाचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला, बॉलपेनने भोवती गोल करा, २४ तास ती जागा धुवायची नाही. लाली, खाज, बारीक पुरळ, काहीही दिसलं तर ते तेल बाद. टेस्ट तुमच्या हातावर नाही, ज्याला मालिश करायचं त्याच्या हातावर. ‘मागे लॅव्हेंडर लावलं होतं, काही झालं नाही’ हे उत्तर चालत नाही: बाटली नवी, तर टेस्ट नवी. पाहुणे एकाच रात्रीसाठी आलेत आणि २४ तास नाहीत? मग अर्क न घालता साध्या कोमट तिळाच्या तेलाने करा. तेही छान होतं.

काही गोष्टी आधी विचारून घ्या, संकोच नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गंधपुऱ्याचं (विंटरग्रीनचं) तेल अजिबात नाही; त्यातला मिथाइल सॅलिसिलेट कातडीतून रक्तात उतरतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतो. फिट येणाऱ्याला कापूर, निलगिरी नको. गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टर. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर तिला हातच लावू नका, दवाखाना गाठा. आत गुठळी असू शकते. लहान मुलांवर यातलं काहीच नको.

मालिशच्या दिवशी नखं कापा, अंगठ्या काढा, जुनी चादर अंथरा, दोन सोलापुरी टॉवेल हाताशी ठेवा. पंखा मंद. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, गॅसवर नाही. अर्क पेट घेतो. आणि मालिश सुरू करण्याआधी कोपर बघितलात ना? उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली लाली कळत नाही.

खांद्यापासून खाली, मणक्याच्या हाडावर दाब नाही, जोर किती ते विचारत राहा. अर्धा तास पुरे. मध्येच कातडीची आग व्हायला लागली तर पाणी ओतू नका, साधं तेल लावून पुसा, मग साबण. डोळ्यात गेलं तर मात्र भरपूर पाणी आणि डॉक्टर.

झाल्यावर तळवे पुसल्याशिवाय फरशीवर उतरू देऊ नका. टॉवेल त्याच दिवशी धुण्याच्या सोड्यात. बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. आणि नवी बाटली आणलीत की पुन्हा कोपर.