शिडी निवडताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती आखूड शिडी. हात पोहोचला नाही म्हणून खाली उतरून मोठी शिडी आणायला कोणी जात नाही. माणूस सगळ्यात वरच्या पायरीवर चढतो, टाचा उचलतो, नाहीतर शिडीखाली विटा सरकवतो. घोड्याची, म्हणजे उघडून उभ्या राहणाऱ्या शिडीची, वरची फळी आणि तिच्या लगतची पायरी उभं राहण्यासाठी नसतेच. त्यामुळे ६ फुटी घोड्यावर पाय फार तर ४ फुटांवर असतात आणि मध्यम उंचीच्या माणसाचा हात १० फुटांच्या आसपास जातो. हा हिशेब घेण्याआधीच करा.

टेकवायची शिडी तिरकी उभी राहते, म्हणून तिची उंची आणखी घटते. दर ४ फूट उंचीला पाया भिंतीपासून १ फूट पुढे हवा. छतावर उतरायचं असेल तर शिडीची टोकं कडेच्या वर ३ फूट यायला हवीत, नाहीतर ऐन पाय टाकताना धरायला काहीच नसतं. सरकत्या शिडीचे दोन भाग एकमेकांवर काही फूट चढलेले राहतात. २० फुटी म्हणून घेतलेली शिडी पूर्ण २० फूट मिळत नाही.

घोडा मिटवून भिंतीला टेकवू नका. त्याचे पाय त्या कोनासाठी बनलेले नसतात, ते घसरतात.

विजेच्या तारांजवळ ॲल्युमिनियमची शिडी नकोच. तिथे फायबरग्लासची घ्या, आणि तीही कोरडी व स्वच्छ असेल तरच भरवशाची. तारांपासून अंतर मात्र तिलाही ठेवावंच लागतं.

वजनाची मर्यादा वाचताना फक्त स्वतःचं वजन धरू नका. ड्रिल, रंगाचा डबा, कमरेची हत्यारं, सगळं त्यातच येतं.

रंगवलेली जुनी लाकडी शिडी मी तरी घेणार नाही. रंगाखाली चीर दडते.

शिडी डुगडुगत असेल तर आधी जमीन बघा, मग पायांचे रबर झिजलेत का ते, मग घोड्याच्या आडव्या पट्ट्या पूर्ण उघडून बसल्यात का. तिन्ही ठीक असूनही हलत असेल, तर पायऱ्यांचे रिव्हेट सैल झाले असण्याची किंवा चौकट वाकली असण्याची शक्यता मोठी. वाकलेली चौकट ठोकून सरळ करू नका. ती शिडी मोडीत काढा, आणि दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणून आधी कापून टाका.