कॉकाटिएल हातावर येत नाही? आधी या चुका टाळा

नवा कॉकाटिएल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला लहान पोपट, घरी आला की आठवड्याभरात ठरलेली तक्रार सुरू होते: हात घातला की फुसफुसतो, चावतो, नाहीतर पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. मग पक्षी रागीट आहे, विकणाऱ्याने फसवलं, असे निष्कर्ष निघतात. फसवलं असेलही एखाद्याने. पण बहुतेक वेळा पक्षी नुसता घाबरलेला असतो, आणि त्याला घाबरवायचं काम घरातले सगळे मिळून मनापासून करत असतात.

हा मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या, मोकळ्या प्रदेशातला पक्षी, काकाकुवाच्या कुळातला. वजन साधारण 80 ते 100 ग्रॅम. थव्याने फिरायचं, जमिनीवर उतरून गवताचं बी टिपायचं आणि वरून काही झेपावलं की एका झटक्यात उडून जायचं, असं त्याचं आयुष्य. त्यामुळे पिंजऱ्याच्या वरच्या दारातून खाली येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखाच वाटतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

पहिल्याच दिवशी हातावर घ्यायची घाई

आल्याआल्या पक्षी सगळ्यांच्या हातात फिरवायचा, फोटो काढायचे, मुलांनी पिंजऱ्याभोवती गराडा घालायचा, हे कितीही गोड वाटलं तरी यातून तो एवढंच शिकतो की माणसं म्हणजे संकट. पहिले काही दिवस त्याला सोडून द्या. पिंजरा आपल्या छातीच्या किंवा डोळ्यांच्या उंचीवर आणि एक बाजू भिंतीला लागून असेल, म्हणजे पाठ सुरक्षित वाटते. माणसांची वर्दळ दिसेल पण कोणी सतत घासून जाणार नाही, अशी जागा निवडा. स्वयंपाकघरात ठेवू नका; त्याचं कारण पुढे येईल. रोज थोडा वेळ शेजारी बसून वाचा, फोनवर बोला, शीळ घाला. त्याच्याकडे टक लावून बघू नका. टक लावून कोण बघतं? ज्याला खायचंय तो.

तो तुमच्यासमोर निवांत खाऊ लागला, पिसं साफ करू लागला, की पुढची पायरी. जाळीतून राळ्याचं कणीस धरा. या कणसापुढे भल्याभल्या कॉकाटिएलचा निर्धार ढळतो, म्हणून ते वाडग्यात रोज टाकून वाया घालवू नका, फक्त हाताने द्यायला राखून ठेवा. पुढे दार उघडून, मग कणीस तळहाताच्या अलीकडे धरून, मग असं धरून की खायचं तर एक पाय बोटावर ठेवावाच लागेल. हात नेहमी समोरून आणि त्याच्या छातीच्या खालच्या पातळीवरून न्या. बोट पोटाच्या खालच्या भागाला, पायांच्या जरा वर, हलकेच टेकवलं की तो सहसा पाय उचलून वर चढतो. पाच-दहा मिनिटं पुरे. तो कंटाळायच्या आत तुम्हीच थांबा.

याला कोणाला आठवडा लागतो, कोणाला महिने. हाताने भरवून वाढवलेलं पिल्लू लवकर रुळतं. मोठ्या थव्यात वाढलेल्या, माणसाचा हात कधी न लागलेल्या पक्ष्याला वेळ लागणारच. हातमोजे घालून पकडणं, टॉवेल टाकणं, खोलीभर पाठलाग करणं हे "सवय होईल" म्हणून केलं जातं. त्याने सवय होते ती पळायची.

तुरा न वाचणं

या पक्ष्याने मनातलं सगळं डोक्यावर उभं करून ठेवलंय, तरी लोक बघतात चोचीकडे. तुरा सरळ ताठ, मान लांब, पिसं अंगाला चिकटलेली, म्हणजे तो दचकलाय. जागच्या जागी थांबा. तुरा डोक्याला पूर्ण चिकटलेला, चोच उघडी, अंग डावी-उजवीकडे झुलतंय आणि फुस्स आवाज, म्हणजे आता एक इंचही पुढे जाऊ नका. तुरा मागे सैल पडलेला, फक्त टोक जरासं वर वळलेलं, गालाची पिसं फुलून चोचीचा अर्धा भाग झाकलेला, म्हणजे स्वारी खुशीत आहे. डोकं खाली वाकवून मानेची पिसं फुलवून समोर बसला तर ते खाजवण्याचं आमंत्रण. संध्याकाळी एक पाय पोटात घेऊन चोच करकर घासत बसला तर दवाखाना शोधू नका, त्याला झोप आलीय.

चावणं बहुधा अचानक येत नाही. आधी तुरा, मग फुस्स, मग चोच न लावता खोटा वार, आणि हे सगळं कोणी ऐकलं नाही की खरा चावा. चावल्यावर हात झटकन मागे घेतला तर चावण्याचा उपयोग होतो हे तो शिकतो. ओरडलात तर काही पक्ष्यांना तो तमाशाच आवडतो. चोचीवर टिचकी, तोंडावर फुंकर, हात हलवून त्याला पाडणं, हे सगळे सल्ले तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. ऐकू नका. फुस्स आवाजाला तिथेच थांबायचं, तो शांत झाल्यावर हळूच मागे यायचं, एवढा एक नियम पाळला तरी चावे कमी होतात, कारण आता त्याचं म्हणणं चोचीशिवायही पोचतं.

पंख कापले की काम सोपं होईल

असं वाटतं खरं. पंख कापलेला पक्षी बोटावर बसून राहतो कारण त्याला दुसरा पर्याय नसतो. याला मैत्री म्हणणं जरा धाडसाचं आहे. शिवाय कापलेल्या पंखांवर विसंबून खिडकी उघडी ठेवली जाते आणि वाऱ्याच्या झोताने तो तरंगत बाहेर जातो. उडू देणार असाल तर आधी छताचा पंखा बंद, खिडक्या-दारं बंद, आरशांवर कापड, पाण्याची भांडी झाकलेली, आणि घरातलं कुत्रं-मांजर दुसऱ्या खोलीत. मांजराचा नुसता दात लागला तरी त्याच्या लाळेतल्या जिवाणूंनी पक्षी दगावू शकतो, म्हणून जखम बारीक दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

रात्रीचा गोंधळ

मध्यरात्री पिंजऱ्यात एकदम धडपड, पंखांचा फडफडाट, सकाळी तळाला पिसं आणि रक्ताचे थेंब. कॉकाटिएलमध्ये हा प्रकार इतर पोपटांपेक्षा जास्त दिसतो, आणि पिवळट-पांढऱ्या लुटिनो रंगाच्या पक्ष्यांत तर खासच. गाडीचा उजेड, भिंतीवरची पाल, एखादा आवाज, काहीही निमित्त पुरतं. अंधारात कुठे उडायचं ते दिसत नाही आणि तो जाळीवर आपटत राहतो.

इथे दोन चुका होतात. पहिली, पिंजरा जाड कापडाने चारी बाजूंनी झाकून आत मिट्ट काळोख करणं. एक बाजू उघडी ठेवा आणि खोलीत मंद दिवा असू द्या. दुसरी, आवाज ऐकून धावत जाऊन लख्ख दिवा लावणं आणि पकडायला हात आत घालणं. आधी दारातूनच रोजच्या आवाजात बोला, मग उजेड हळूहळू वाढवा, तो दांडीवर स्थिरावला की लांबूनच बघा. रक्त थांबत नसेल तर बहुधा वाढतं पीस तुटलेलं असतं, कारण नव्या पिसाच्या नळीत रक्त असतं. कॉर्नफ्लॉवर लावून स्वच्छ कापडाने हलका दाब द्या आणि डॉक्टरांना फोन करा. पीस स्वतः उपटायच्या भानगडीत पडू नका. रात्री झोपायच्या दांडीभोवती खेळणी आणि झोके कमी ठेवले तर इजाही कमी होते.

पाठीवरून हात फिरवणं

मांजराची सवय असलेले लोक हे हमखास करतात. पक्ष्याला डोकं, गाल आणि मान एवढंच खाजवायचं. पाठ, शेपटीची मुळं, पंखांखाली हात फिरवला की त्याच्या शरीराला तो जोडीदाराचा स्पर्श वाटतो. नर मग आक्रमक होतो, आरशासमोर किंवा तुमच्या पायावर प्रेमगीतं गातो आणि मध्ये येणाऱ्यावर तुटून पडतो. मादी अंडी घालू लागते, जवळ नर नसला तरीही.

अंडं दिसलं की घाबरून उचलून टाकणं ही पुढची चूक. उचललं की ती भरपाई म्हणून आणखी घालते, आणि प्रत्येक अंड्याला तिच्या हाडांतलं कॅल्शियम खर्ची पडतं. एकटी असेल तर अंडी तशीच राहू द्या. फलित नसल्याने त्यातून काही निघणार नाही, कंटाळली की तीच सोडून देईल. त्याचबरोबर घरटं वाटेल अशा जागा बंद करा: खोका, कापडी झोपडी, सोफ्याखालचा अंधार. आरसा काढा. झोप 10 ते 12 तास सलग मिळू द्या, कारण लांब दिवस म्हणजे विणीचा हंगाम असं तिचं शरीर समजतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेन कायम टांगलेला असू द्या. मादी तळाला फुगून बसली, शेपटी वर-खाली हलवत कुंथतेय असं दिसलं तर अंडं अडकलेलं असू शकतं. यात घरगुती उपाय करत बसू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.

भरलेला दिसणारा वाडगा

कॉकाटिएल बी सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. वरून बघितलं तर वाडगा काठोकाठ भरलेला, आणि खाली एकही दाणा नाही. रोज फुंकर मारून टरफलं उडवा, मग कळेल.

नुसत्या बियांवर, विशेषतः सूर्यफुलाच्या, पक्षी वर्षानुवर्षं जगल्यासारखा दिसतो, पण अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं, यकृतावर चरबी चढते. पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणारं दाणेदार खाद्य), हिरव्या पालेभाज्या, गाजर यांकडे वळवायला हवं, पण एका दिवसात नाही. बियांवर वाढलेल्या पक्ष्याला पेलेट हे खाणं आहे हेच ओळखू येत नाही आणि तो भरल्या ताटासमोर उपाशी राहतो. बिया हळूहळू कमी करा, स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी वजन करा. दहा टक्क्यांच्या आसपास घटलं तर मागे फिरा आणि डॉक्टरांना विचारा. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा, लसूण आणि खारवलेलं काहीही बंद. तोंडातला घासही देऊ नका, आपल्या लाळेतले जंतू त्यांना सोसत नाहीत.

आणि स्वयंपाकघराचं कारण: नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतो. आपल्याला वासही येत नाही. उदबत्ती, डासांची कॉइल, सुगंधी फवारे, सिगारेट हेही त्याच्या खोलीत नकोत.

एकटा वाटतो म्हणून लगेच दुसरा आणणं

खोलीतून बाहेर गेलात की तो ओरडतो, ते बहुधा "कुठे आहेस?" एवढंच असतं, थवा असाच एकमेकांना हाका मारतो. दुसऱ्या खोलीतून एक ठरलेली शीळ परत द्या, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. धावत येऊन रागावलात तरी त्याच्या दृष्टीने हाकेला ओ मिळालीच.

जोडीदार आणायचाच असेल तर नव्याला किमान 30 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. वाडगे वेगळे, आधी जुन्याचं खाणं-पाणी आणि मग नव्याचं, मध्ये हात साबणाने धुवायचे. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात, म्हणून नव्याची विष्ठा रोज बघा: हिरवट-तपकिरी भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी असे तीन भाग दिसले पाहिजेत. पिसं फुगवून दिवसा झोपणं, श्वासासोबत शेपटी हलणं, आवाज बदलणं, यातलं काही दिसलं तर पक्ष्यांचे डॉक्टर गाठा. त्यांचा नंबर पक्षी आणायच्या आधीच शोधून ठेवा, कारण कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला पक्षी तपासता येतातच असं नाही.