रात्रीच्या डोंगरवाटेवर डोक्यावरची बॅटरी कशी वापरावी

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला डोक्याला बांधायची बॅटरी नवी नाही. शेतीपंपाची लाईट रात्रीच्या पाळीत आली की गव्हाला पाणी द्यायला निघालेला माणूस कपाळावर बॅटरी बांधूनच बांधावर उतरतो, कारण हातात फावडे असते आणि पायाखाली काय आहे हे दिसावे लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगेत किंवा बालाघाटात मुक्कामाला जाणाऱ्याची गरजही हीच असते. तरीही हेडलॅम्प घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो तो उजेड किती लांब पडतो हा. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. रात्रीच्या चालीत कमीत कमी उजेडात नीट चालता येणे महत्त्वाचे असते, आणि ते बॅटरीच्या किमतीवर फारसे अवलंबून नसते.

तंबूत सामान शोधायला, जेवायला, वाचायला 20 ते 40 ल्युमेन (दिव्यातून निघणारा उजेड मोजायचे एकक) पुरतात. मळलेल्या वाटेने चालण्यासाठी 100 ते 150 ल्युमेन भरपूर होतात. चुकलेली वाट शोधणे, ओढा ओलांडायची जागा पाहणे किंवा घळीत उतरणे यासाठी 300 ल्युमेनचा झोत थोडा वेळ हाताशी असावा, एवढेच. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो, म्हणजे दुप्पट अंतरावरची वस्तू तितकीच स्पष्ट दिसावी म्हणून चौपट प्रकाश लागतो आणि सेलही त्याच हिशेबाने संपतात. आपल्याकडचा काळा बेसाल्ट खडक उजेड फारसा परत फेकत नाही, त्यामुळे कड्याखाली तीच बॅटरी मंद वाटते. उलट हिवाळ्यात वाळलेल्या पिवळ्या गवतात तिचा उजेड डोळ्यांवर येतो. म्हणून प्रखरता सहज कमी-जास्त करता येणारी आणि हातमोजे घालूनही कळेल असे बटण असणारी बॅटरी निवडावी.

खोक्यावर छापलेल्या तासांवर विसंबू नये. अनेक कंपन्या पाळत असलेल्या एएनएसआय एफएल-1 या बॅटऱ्यांच्या अमेरिकी मानकानुसार, सुरुवातीच्या उजेडाचा जेमतेम 10 टक्के भाग उरेपर्यंतचा वेळ मोजला जातो. याचा अर्थ शेवटचे काही तास त्या उजेडात खडकाळ वाट चालता येईलच असे नाही. साध्या अल्कलाइन सेलचा उजेड हळूहळू मंदावतो आणि आपल्याला सावध होता येते; लिथियम-आयनची चार्जिंगची बॅटरी मात्र बराच वेळ सारखी चालून अचानक बंद पडू शकते. दोन्ही प्रकार चांगले आहेत, पण चार्जिंगची बॅटरी नेणाऱ्याने पॉवर बँक आणि तिची केबल बरोबर ठेवलीच पाहिजे. गावातल्या किराणा दुकानात सेल मिळाले तर बहुधा मोठे मिळतात, ट्रिपल ए म्हणजे बारीक सेल मिळतीलच असे नाही. म्हणून एक पूर्ण जोडी घरूनच न्यावी. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत. पिशवीत बटण दाबले जाऊन बॅटरी पेटत राहू नये म्हणून लॉक करावी. लॉक नसेल तर सेलचे झाकण सैल करावे किंवा एक सेल उलटा घालून ठेवावा.

निघण्याआधी कालनिर्णय उघडून तिथी पाहावी. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताबरोबर वर येऊन पहाटेपर्यंत सोबत करतो. रात्री चालायचे असेल तर पौर्णिमेच्या आधीचे तीन-चार दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात, कारण संध्याकाळी अंधार पडतो तेव्हा चंद्र आधीच वर आलेला असतो आणि उघड्या पठारावर बॅटरी बंद करूनही चालता येते.

चालताना झोत चार-पाच पावलांवर पडेल इतकी बॅटरी खाली झुकवावी. झोत फार लांब ठेवला तर पायाजवळचा दगड अंधारात राहतो आणि अगदी पायावर ठेवला तर वाटेचे वळण कळत नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असल्यामुळे आपल्याला दिसणाऱ्या वस्तूंच्या सावल्या त्यांच्याच मागे लपतात आणि जमीन सपाट भासते. खड्डा, पायरी, निसटता मुरूम यांतला फरक कळत नाही. वेताळवाडीच्या बाजूला एका उतारावर मी सपाट समजून जिथे पाय ठेवला तिथे गुडघाभर घळ होती, आणि पुढचे दोन तास मुरगळलेल्या घोट्याने चालावे लागले. तेव्हापासून उतरणीवर मी बॅटरी कपाळावरून काढून हातात, कमरेच्या उंचीवर धरतो. उजेड खालून तिरपा पडला की प्रत्येक दगडाची सावली लांब पडते आणि जमीन वाचता येते. पावसाळ्यात म्हैसमाळसारख्या ठिकाणी धुके असेल तेव्हाही हेच करावे, कारण कपाळावरचा झोत धुक्यावरून उलटून डोळ्यांत येतो.

अंधाराला डोळे सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात आणि समोरच्याच्या बॅटरीचा एक झोत ती सगळी कमाई क्षणात घालवतो. म्हणून कोणाशी बोलताना मान वळवण्याआधी झोत जमिनीकडे करावा. ही सवय गटातल्या प्रत्येकाने पहिल्या रात्रीच लावून घ्यावी. मुक्कामाच्या जागी लाल उजेड वापरावा, कारण डोळ्यांचा सराव त्याने कमी मोडतो. मात्र लाल उजेडात रंग ओळखता येत नाहीत आणि खडीच्या रंगात मिसळून जाणारे फुरसे दिसणे अवघड होते. त्यामुळे लाकडे गोळा करताना, पाण्यावर जाताना आणि शौचाला जाताना पांढरा उजेडच हवा. जिथे नजर पोहोचली नाही तिथे हात घालू नये. बूट घालण्यापूर्वी आत उजेड टाकून ते झटकावेत, आणि अंथरुणावर पडण्यापूर्वी पांघरुणाच्या घड्या उजेडात तपासाव्यात. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरू शकते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. तंबूची चेन झोपताना पूर्ण लावलेली असावी. दंशाची शंका जरी आली तरी वाट न पाहता 108 वर फोन करून रुग्णालय गाठावे.

कड्यांवर आणि लेण्यांच्या कपारींत आग्या माश्यांची मोठी मोहोळे असतात, आणि या माश्या रात्री उजेडाकडे येतात. म्हणून कड्यावर झोत फिरवत बसणे हा खेळ अजिबात करू नये. लुकलुकणारा दिवा तर मुळीच लावू नये. दिवसा मोहोळ दिसले असेल तर मुक्काम तिथून लांब टाकावा. माश्या उठल्याच तर आधी बॅटरी विझवावी आणि मग शांतपणे, पण लगेच, दूर व्हावे. वटवाघळांच्या गुहेतही झोत खालीच ठेवावा.

रात्री शिवारात हलणारा अनोळखी उजेड पाहिला की राखणीला असलेल्या माणसाच्या मनात चोराचीच शंका येते. पायथ्याच्या गावात पोलीस पाटलांना किंवा वाटेतल्या वस्तीवर दिवसाउजेडी सांगून ठेवावे, आणि कोणी हाक मारली तर झोत स्वतःच्या पायांवर ठेवून "राम राम" म्हणावे. गौताळ्यासारख्या अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही, आणि केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत सहसा सूर्यास्तानंतर राहता येत नाही. दौलताबादच्या किल्ल्यात अंधारीतून, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेने, जाताना भर दुपारीही बॅटरी लागते, तेवढ्यावरच तिथली हौस भागवावी.

मुक्कामाला सर्वांना उजेड हवा असेल तर पाण्याने भरलेल्या पांढऱ्या, अर्धपारदर्शक कॅनला बॅटरीचा पट्टा असा बांधावा की दिव्याचे तोंड कॅनकडे राहील. सगळा तळ मऊ उजेडाने भरतो. झोपताना बॅटरी पिशवीत टाकू नये, मनगटाला किंवा गळ्यात अडकवून ठेवावी. संकटात मदत मागायची असेल तर एका मिनिटात सहा वेळा झोत दाखवावा, मग एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तेच करावे. उत्तर म्हणून मिनिटाला तीन झोत येतात.

घरी परतल्यावर घामाने भिजलेला पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. महिनाभर वापर होणार नसेल तर सेल काढून ठेवावेत, कारण अल्कलाइन सेल पाझरले की आतले संपर्क गंजतात. लिथियमची बॅटरी अर्धी चार्ज करून थंड कपाटात ठेवावी, आणि एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर ती कधीही विसरू नये.