तलाठीपदाची तयारी करताना अंगी बाणवायचे गुण

तलाठी भरतीच्या परीक्षेत भाषा, सामान्यज्ञान आणि बुद्धिमापन तपासले जाते. उमेदवाराचा स्वभाव मात्र साझ्यावर, म्हणजे तलाठ्याकडे सोपवलेल्या गावांच्या कार्यक्षेत्रात, रुजू झाल्यावरच कसाला लागतो. म्हणून ज्याला हे पद हवे आहे, त्याने काही सवयी आधीच लावून घ्याव्यात.

सर्वांत आधी नोंदीतला नेमकेपणा. सातबारावर लेखनप्रमाद झाला, तर तो दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदारांचा आदेश लागतो, आणि तोपर्यंत हेलपाटे शेतकऱ्याला पडतात. गारपिटीनंतरच्या पंचनाम्यात तर कसोटी आणखी कडक असते. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच मदत मिळते. त्यामुळे बांधावर उभे असताना शेतकरी हात जोडतो, गावपुढारी ‘तेवढं बघून घ्या’ म्हणतात, आणि पंचवीसच्या जागी पस्तीस लिहिणे हीच माणुसकी वाटू लागते. उलट, शेतात न जाता चावडीत बसून भरलेला पंचनामा खऱ्या नुकसानग्रस्ताला वगळतो. दोन्ही टाळायचे, तर पाहिले तेवढेच लिहिण्याचा सराव हवा. गावात भिंत पडली किंवा ओढ्याचे पाणी शेतात शिरले, तर तारीख, वेळ, चतुःसीमा, मोजमाप आणि उपस्थितांची नावे यांसह एक पान लिहून काढावे, ‘प्रचंड’, ‘भयंकर’ अशी विशेषणे गाळावीत, आणि ज्याने ती जागा पाहिलेली नाही अशा माणसाला ते वाचायला द्यावे.

दुसरा गुण म्हणजे आवाज न चढवता नकार देता येणे. खातेदार वारल्यावर मुलगे वारस नोंदीसाठी येतात आणि ‘बहिणींना काही नको आहे, त्यांची नावे घालू नका’ असे सहज सांगतात. अशा वेळी सर्व वारसांची नावे लागतीलच, हक्क सोडायचा असेल तर बहिणींनी स्वतः नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे, हे शांतपणे आणि गरज पडल्यास पुन्हा पुन्हा सांगावे लागते. त्याच संहितेच्या कलम 150 प्रमाणे फेरफाराची (जमिनीच्या हक्कातील बदलाची) नोंद, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन हा क्रम घरातल्या वडीलधाऱ्यांना कायद्याचा एकही शब्द न वापरता समजावून पाहावा. त्यांना कळला नाही, तर आपल्यालाच तो नीट कळलेला नाही असे समजावे. नेतृत्वगुणांवर शिकवणी वर्गांत फार भर दिला जातो, पण या पदावर ऐकून घेण्याची क्षमता त्याहून अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

वक्तशीरपणाला कायद्याचाही आधार आहे: 2005 च्या बदल्या व विलंब प्रतिबंधक अधिनियमानुसार नस्ती (फाइल) एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये. आलेला अर्ज त्याच दिवशी आवक नोंदवहीत चढवण्याची शिस्त ज्याला हवी, त्याने आजपासून घरची बिले आणि कागदपत्रे तारीखवार लावून ठेवावीत.